शाडूचे गणपती, बॅटरीचा टेम्पो

पेणच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीत माझं दुकान होतं. पाटीवर इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं होतं, पण लोकांच्या तोंडी ते 'मधूचं वायरिंग'. गाडीच्या इंजिनात हात घालतो तो मेकॅनिक आणि वायरीत हात घालतो तो मी, अशी साधी वाटणी. सेल्फ, डायनामो, हॉर्न, दिवे यांत माझी निम्मी हयात गेली. मग सीएनजीची किटं आली, ती बसवायला शिकलो. मग बॅटरीच्या रिक्षा आणि टेम्पो आले, त्यांच्याही पोटात डोकावलो. प्रत्येक नव्या गाडीबरोबर गिऱ्हाईक एकच प्रश्न घेऊन यायचं, "मधूभाऊ, परवडतं का?"

या प्रश्नाला मी कधी सरळ उत्तर दिलं नाही, कारण ते नाहीच. गॅसची गाडी स्वस्तात चालते, पण डिकी टाकीनं भरते आणि पंपावरच्या रांगेत अर्धा दिवस जातो. चढणीला ती थोडी दमते. बॅटरीची गाडी त्याहून स्वस्तात चालते, पण तिची निम्मी किंमत एकट्या बॅटरीची असते आणि ती बॅटरी माणसासारखी वर्षागणिक थकत जाते. म्हणून मी उलट विचारायचो : रोज कुठं जाता? गाडी उभी कुठं करता? तुमच्याकडे वीज टिकते का?

उन्हावर चालणाऱ्या गाडीचं वेड तर फार जणांना. रोह्याचे एक निवृत्त कारकून आपली जुनी मोटार घेऊन आले आणि टपावर सोलरची पाटी बसवून मागू लागले. मी त्यांना म्हटलं, "साहेब, मोटारीचं टप म्हणजे एक खाट. खाटेवर जेवढं ऊन मावतं तेवढ्यावर घरातला पंखा फिरेल, दिवे लागतील. पण माणसांसकट टनभर लोखंड पळवायला ते पुरत नाही. वैशाखात दिवसभर तापवलीत तर फार तर बाजारात जाऊन याल." ते ऐकेनात. बसवून दिली. त्यावर गाडीतला पंखा चालला आणि मोबाईल चार्ज झाला. पण गृहस्थ ऊन सरकेल तशी अंगणात गाडी सरकवत राहिले. त्यांची बायको मला म्हणाली, "भाऊ, आधी हे सकाळी पेपर वाचायचे. आता गाडी वाळत घालतात."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. जनूतात्यांचं तसं नव्हतं.

जनूतात्या पेणजवळच्या जोह्याचे. मूर्तिकारांच्या गावातले जुने मूर्तिकार. गावात बहुतेक कारखाने प्लास्टरकडे वळले तेव्हाही तात्या शाडूच्या मातीलाच धरून राहिले होते. शाडूची मूर्ती भट्टीत भाजत नाहीत, सावलीत सुकवतात. ती जड असते आणि नाजूकही. प्लास्टरचा गणपती टेम्पोत जरा आपटला तर रंगाचा टवका उडतो. शाडूचा आपटला तर बोटं जातात, सोंडेला चीर पडते.

तात्यांना साठीच्या सुमारास कंपवात झाला. आधी उजवा हात, मग डावाही. मूर्तीचे डोळे आखायचं काम, ज्यासाठी लांबून लोक त्यांच्याकडे येत, ते सुटलं. ते सूनबाईनं, सुगंधानं उचललं. तात्यांचा मुलगा महेश रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. त्याला मातीत रस नव्हता, सुगंधाला होता. कारखाना तिच्या हातावर चालू राहिला. तात्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसू लागले.

एका फाल्गुनात ते सुनेला घेऊन माझ्या दुकानात आले. मांडीवर दोन्ही हात एकमेकांत अडकवून बसले आणि म्हणाले, "मधू, मला बॅटरीचा टेम्पो बघून दे."

"कशाला तात्या? भाड्याचे टेम्पो मिळतात की."

"मिळतात. पण तू डिझेलचा टेम्पो नुसता उभा असताना मागं हात लावून बघितलायस? सगळा हौदा थरथरतो. मूर्ती आतल्या आत खिळखिळी होते नि दारात उतरवताना बोट गळतं. गिऱ्हाईक म्हणतं, माती कच्ची होती." त्यांनी आपल्या अडकवलेल्या हातांकडे पाहिलं. "थरथरीनं काय होतं ते मला आता दुसऱ्यानं सांगायला नको."

सुगंधा खाली बघत होती. ती म्हणाली, "भाऊ, रोह्याच्या बाजूनं शाडूच्या मूर्तींना मागणी आलीय. धाटावला कामाला असणाऱ्यांची घरं हायत. पण पोचवणार कसं? मागच्या वर्षी फुटल्या त्या फुटल्याच."

मी त्यांना खरं ते सांगितलं. बॅटरीची गाडी थरथरत नाही, गुळगुळीत निघते हे बरोबर. पण खड्डा तो खड्डाच. बॅटरीला बघून तो उथळ होत नाही. नवीन टेम्पो तुमच्या आवाक्यातला नाही. वापरलेला मिळेल, पण त्याची बॅटरी अर्धी दमलेली असेल. भरल्या गाडीनं जोह्याहून रोह्याला पोचाल, त्याच चार्जिंगवर परत येणार नाही.

"मग टपावर सोलर लाव," तात्या म्हणाले.

"तात्या, तुमचा धंदा आषाढ-श्रावणातला. तेव्हा ऊन असतं कुठं?"

ते हसले. "आषाढातलं ऊन तू मला शिकवतोस? गणपती सुकत नाय म्हणून जन्मभर आभाळाकडं तोंड करून बसलेला माणूस मी. चार म्हैने नाय मिळणार, ठाऊक हाय. बाकीचे आठ तर मिळंल?"

शेवटी असं ठरलं की पाट्या टेम्पोवर नाही, कारखान्याच्या पत्र्यावर बसवायच्या. तिथं जागा मोठी, आणि गाडीवर वजनही नाही. महेशला हे काहीच पसंत नव्हतं. माझ्या समोरच वडिलांना म्हणाला, "बाबा, खेळणं हाय ते. त्यापेक्षा गॅसचा घेऊया, रात्री-बेरात्री कुठंही नेता येईल." हिशेबानं पाहिलं तर त्याचं चूक नव्हतं. मीही तसं म्हणालो. पण तात्यांनी ऐकलं नाही आणि सुगंधा सासऱ्याच्या बाजूनं उभी राहिली.

पनवेलकडे सामान वाटणाऱ्या कोणा कंपनीनं काढून टाकलेला छोटा टेम्पो मिळाला. मी त्याची वायरिंग नव्यानं ओढली. एप्रिल-मे गाडी जवळजवळ फुकट पळाली. दिवसा पत्र्यावरच्या पाट्यांवर चार्ज व्हायची, शाडूची पोती आणायची, लवकरच्या ऑर्डरी पेणला पोचवायची. सुगंधा चालवायला शिकली. क्लच नाही, गिअर नाही, आठवड्यात हात बसला. गावातल्या बायका रस्त्यात थांबून बघायच्या. "आवाजच येत नाय गो हिचा!" महेशचं बोलणंही थोडं नरमलं.

मग पाऊस लागला, पाट्या गप्प झाल्या आणि गाडी घरच्या विजेवर आली. तोवर ठीकच होतं. गणपतीच्या तोंडावर मात्र वादळी पाऊस झाला, झाडं पडली, तारा तुटल्या आणि जोह्याची वीज गेली ती गेलीच. रोह्याच्या सगळ्या मूर्ती रंगून तयार. भाड्याचे टेम्पो ज्यांचे त्यांनी आधीच बांधलेले. गाडीत जेमतेम पेणपर्यंत येण्याइतकी ताकद उरली होती. पेण गावात वीज आली होती म्हणून हरतालिकेच्या दिवशी भल्या सकाळी सुगंधा भरला टेम्पो घेऊन माझ्या दुकानात आली. पुढं तात्या बसले होते. महेशला सुट्टी मिळाली नव्हती.

दुपारपर्यंत चार्जिंगला लावला. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. मूर्ती आदल्या रात्रीच्या आत पोचायलाच हव्या होत्या. रस्त्यात काही अडलं तर बघायला कोणी हवं म्हणून मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघालो. तात्या म्हणाले, "मधू, तू पुढं बस. मी मागं बसतो." गवताच्या पेंढ्यांत मूर्ती उभ्या केलेल्या, त्यांच्यामध्ये ते मांडी घालून बसले. वर ताडपत्री. मला ते पटलं नाही, पण ते उतरेनात.

वडखळला कोंडी लागली. मुंबईहून कोकणात निघालेल्या गाड्यांची रांगच रांग. आजूबाजूची इंजिनं घरघरत, धूर सोडत उभी. आमची गाडी गप्प. उभ्या गाडीत बॅटरी जवळजवळ काहीच खात नाही, फक्त वायपरपुरती. बाकीचे तेल जाळत होते नि आम्ही नुसते बसलो होतो. मागून तात्यांचा आवाज आला, "काय रे मधू, आता परवडतं का?" मी हसलो. सुगंधाही हसली. तिचा हरतालिकेचा उपास होता, पाणीसुद्धा नाही. ओठ सुकले होते, पण स्टिअरिंगवरचे हात शांत होते.

नागोठण्याहून रोह्याकडे वळलो. रस्त्यात एका ओढ्यावर मोरी होती. तिच्यावरून गढूळ पाणी वाहत होतं. फार नाही, पोटरीएवढं. आमच्या समोर दोन ट्रक आणि एक जीप पाणी उडवत निघून गेल्या. सुगंधानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "थांब. बॅटरी हौद्याच्या खाली हाय. वजनानं गाडी बसलीय. पाणी जोडणीत गेलं तर गाडी मधेच उभी राहील."

"मग?"

"गाडी रिकामी केली तर वर उठेल. बंद करून ढकलत न्यायची. पण मूर्ती?"

रस्त्यापासून आत, चढावर आदिवासी वाडी होती. पाणी बघायला वाडीतली माणसं खाली येऊन उभी होती. मजुरीला जाणारी माणसं, पावसानं कामं बंद म्हणून घरीच. सुगंधा उतरून त्यांच्याकडे गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण परत आली तेव्हा तिच्याबरोबर सात-आठ बायका-पुरुष होते. त्यांनी मूर्ती एकेक करून उचलल्या. बायकांनी डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर घेतल्या, पुरुषांनी छातीशी धरल्या. वर प्लास्टिकचे कागद. पाण्यात पाऊल चाचपत ती रांग पलीकडे गेली. तात्या एकाचा हात धरून आधीच पार झाले होते आणि पलीकडच्या काठावर उभे राहून एकेक मूर्ती डोळ्यांनी उतरवून घेत होते.

शेवटच्या खेपेला सोनी नावाची एक तरणी बाई पाण्यात घसरली. ती गुडघ्यावर पडली, पण मूर्ती तिनं सोडली नाही. तरी मूर्तीचा वरचा हात मोरीच्या कठड्याला लागला आणि मनगटापासून तुटून पाण्यात गेला.

सोनी काठावर आली, मूर्ती खाली ठेवली आणि मागं सरकली. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "माझ्या हातून देव मोडला," एवढंच ती म्हणत होती. बाकीची माणसंही घाबरली. कोणी रागावेल, पैसे मागेल, पाप लागेल, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तात्या तिच्याजवळ गेले. "ऐक गो बाय. देव उद्या येणार हाय. आज ही माती हाय. माती मोडते. माती मोडली तर पुन्हा लावायची असते." मग सुगंधाकडे वळून म्हणाले, "ओल्या फडक्यातला मातीचा गोळा आणलायस ना?"

"आणलाय. पण बाबा, मला हात घडवायला कुठं येतं? मी साच्यातून काढते नि रंग करते."

"तू नको करू. मी करतो."

सुगंधानं त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

वाडीतलं एक घर ओढ्याच्या या काठालाच, मोरीजवळ होतं. त्याच्या पडवीत तात्या बसले. मूर्ती समोर ठेवली. सोनीला म्हणाले, "बस. ही माती मळ. जोर लावून नको, भाकरीच्या पिठासारखी." तिनं मळली. तात्यांनी एक बारीक काडी मागून घेतली, तुटल्या मनगटात खोचली, आणि तिच्यावर माती चढवायला लागले. हात थरथरत होता. माती एका बाजूला सरकली. त्यांनी काढून टाकली. पुन्हा लावली, पुन्हा सरकली. बाहेर पाऊस आणि ओढा.

तेव्हा सुगंधा त्यांच्या मागं जाऊन बसली. एका हातानं तिनं सासऱ्याचं कोपर आपल्या गुडघ्यावर टेकवलं आणि दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं आधाराला. सून सासऱ्याला अशी धरते हे आमच्याकडे कोणी बघितलेलं नसतं. तात्या क्षणभर अवघडले. मग त्यांनी मान हलवली आणि बोटं चालायला लागली.

आधी तळवा झाला. मग अंगठा. मग एकेक बोट, अगदी टोकाला किंचित वळलेलं. तात्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. हाताचा कंप पूर्ण गेला नव्हता, पण तो आता सुगंधाच्या हातात मुरत होता आणि मातीपर्यंत येताना अगदी थोडा उरत होता. मी आयुष्यभर वायरी जोडल्या. अशी जोडणी मी पुन्हा पाहिली नाही.

हात पुरा झाला तेव्हा त्यांनी सोनीला जवळ बोलावलं. "बघ. कुठं मोडला होता ते सांग."

तिनं बराच वेळ पाहिलं. "नाय सांगता येत."

"मग झालं."

माती ओली होती, रंग चढणार नव्हता. तात्या म्हणाले, गिऱ्हाईकाला खरं सांगायचं. हवा असेल तर घेईल. रिकामा टेम्पो वाडीतल्या माणसांनी ढकलून पार केला होता. मी जोडण्या पुसून कोरड्या केल्या. रोह्याआधीच्या खिंडीच्या चढणीला गाडी कुरकुरली, पण सुगंधानं ती इतक्या हळू घेतली की मागचे हॉर्न वाजवून थकले. रोह्याला पोचलो तेव्हा बॅटरीचा काटा तळाला टेकला होता.

मूर्ती घरोघर गेल्या. ओल्या हाताची मूर्ती ज्यांची होती, त्या घरातल्या बाईंना तात्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी मूर्ती पाहिली, मग तात्यांचे हात पाहिले. "रंग नसला तरी चालेल," त्या म्हणाल्या. "हाच द्या." त्यांच्याच अंगणात आमची गाडी चार्जिंगला लागली. महेश शिफ्ट सुटल्यावर मोटरसायकलवरून तिथं आला. वडिलांना म्हणाला, "चला बाबा, मी घेऊन जातो." तात्या म्हणाले, "मी टेम्पोनं येतो. तूच मागं बस, तुझी मोटरसायकल राहू दे इथं." आणि तो खरंच बसला.

पुढच्या हंगामाला सुगंधानं सोनीला कारखान्यावर बोलावलं. माती मळण्यापासून तिनं सुरुवात केली, मग साच्यातून हात-पाय काढू लागली. तात्या खुर्चीतून तिला सांगायचे. आणखी एक गणपती त्यांनी पाहिला. त्यानंतरच्या थंडीत गेले.

टेम्पोची बॅटरी दरवर्षी थोडी थोडी कमी होत गेली. रोह्याची खेप बंद झाली, मग पेणही जड जाऊ लागलं. सुगंधा माझ्याकडे आली तेव्हा मी तिला सांगितलं की नवीन बॅटरी घालण्यात शहाणपण नाही. जुन्या सांगाड्यात ती घालणं म्हणजे पडक्या भिंतीला नवा दरवाजा. गॅसचा टेम्पो घे. तिनं तो घेतला. मूर्ती आता जाड स्पंजात बसवून जातात. काही मोडतात, बऱ्याच पोचतात. पत्र्यावरच्या सोलरवर कारखान्याचे दिवे आणि पंखे चालतात.

मी दुकान बंद केलं त्या वर्षी हिशेब मिटवायला जोह्याला गेलो होतो. सोनी मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "काका, एक विचारायचंय. बॅटरीची रिक्षा आमच्या वाडीला घेता येईल का? बायकांनी मिळून घ्यायची म्हणतो. कोणी आजारी पडलं, कोणी बाळंतपणाला अडली, की नागोठण्यापर्यंत न्यायला गाडी मिळत नाय. तेलाचं तर परवडणारच नाय. उन्हावर चालंल का?"

मी तिला तेच विचारलं जे सगळ्यांना विचारत आलो होतो. "पावसाचे चार महिने ऊन नाही. तेव्हा विजेवर चार्ज करावी लागेल. वाडीत वीज टिकते का?"

"खालच्या घरांत हाय. वर नाय. नि जाते ती लवकर येत नाय."

"मग सोनी, सध्या थांब. लाईन नीट आली की बघू."

ती रागावली नाही. हाताला लागलेली माती पदराला पुसत म्हणाली, "थांबूनच तर आलोय काका आम्ही."

इतकी वर्षं मी लोकांना गाडीचा हिशेब समजावून दिला होता आणि तो बरोबरही होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नागोठण्याला गेलो, तिथून वाडीवर. खालच्या घरापासून वर चढत गेलो आणि विजेचा शेवटचा खांब कुठं आहे ते पाहिलं. मग वरच्या घरांच्या मागची उघडी जागा पावलांनी मोजू लागलो. सोनीची सासू दारात येऊन उभी राहिली. "काय बघतोस रे बाबा?" तिनं विचारलं.

म्हटलं, "ऊन कुठवर येतं ते बघतोय."